सिताबाईची पट्टी

जेवता जेवता मोबाईल बघायची सवय असेल, तर आधी ताट बाजूला सारा. मग वाचा.

गंमत करत नाही. हे ऐकल्यावर मी स्वतः बरेच दिवस दुधाला तोंड लावू शकलो नव्हतो.

घडलेलं सगळं खरं आहे. माझा मावसभाऊ स्वानंद, त्याच्या घरात घडलं. मागच्या उन्हाळ्यात, जळकोटला. आमच्या तुळजापूर तालुक्यातलं हायवेवरचं गाव. भुताच्या गोष्टी म्हटलं की लोकांना अमावास्या आठवते, काळोख आठवतो. इथं तसलं काही नव्हतं. भर दुपार होती. दारं सताड उघडी, बाहेर ट्रक धडधडत चाललेले, शेजारणीनं पापड वाळत घातलेले...

अशा दुपारी ते आलं.

स्वानंदनं मला हे एकदाच सांगितलं. त्यानं सांगितलं तसं सांगतो.

स्वानंद शाळेत गणित शिकवतो, फावल्या वेळात गिटार वाजवतो. घर मूळचं तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. माणूस लाख मोलाचा, पण त्याला कशाचीही चटकन किळस यायची. चहावर साय दिसली की उठून जाणार. शेजारच्यानं भुरका मारला की ताट सोडणार. लग्नाच्या पंगतीत कुणी शिंकलं, की हा उपाशी घरी.

आणि बायको केली मंजुषा. सरकारी दवाखान्यात नर्स. अणदूरच्या मेंढपाळाच्या घरातली पोर, हिमतीवर शिकलेली. सडलेला पाय धुऊन, मलमपट्टी करून यायची, साबणानं हात धुवायची आणि निवांत भाकरी मोडायची. दोघांचं प्रेमाचं लग्न. दोन्ही घरांनी आधी तोंडं फिरवली होती. मग वळवली.

तर मंजुषाला सातवा महिना लागला आणि डोहाळजेवण ठरलं.

तिची एकच इच्छा होती.

तिची आई, सिताबाई, ती लहान असतानाच वारलेली. आजारानं गेली, एवढंच स्वानंदला ठाऊक होतं. त्या बाईचा एक फोटोसुद्धा धड नव्हता. होती फक्त एक कॅसेट. तिच्या ओव्यांची. मंजुषाच्या वडिलांनी, धुळाप्पांनी ती जपून ठेवली होती. ती कॅसेट आणि तिच्यासोबतचा जुना टेप, दोन्ही त्यांनी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून लेकीच्या हवाली केलं.

"अहो, माय गाणार अन् तुम्ही गिटार वाजवणार," मंजुषा म्हणाली. "सगळ्यांसमोर. म्हणजे माझ्या डोहाळजेवणाला माय आल्यासारखंच की."

याला नाही कोण म्हणेल?

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मंजुषा ड्युटीवर होती. दुपारी स्वानंदनं टेपमध्ये नवे सेल घातले, कॅसेट बसवली आणि बटण दाबलं.

खरखर.

मग शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. दबक्या. पाण्याखाली वाजाव्यात तशा.

मग एक बाई गाऊ लागली.

*माळावरच्या वाटेनं, सराटा टोचला बाळाला*
*जवळ ये गं माझ्या राणी, फुंकर घालते पायाला*

आवाज जाड होता. ओढलेला. पण सूर पक्का होता. स्वानंदनं गिटार मांडीवर घेतली आणि साथ धरली.

जुळेना.

एक पट्टी धरली तर आवाज तिच्या जरा वर. दुसरी धरली तर जरा खाली. त्यानं मोबाईलवर सूर मोजायचं ॲप लावलं. त्यातली सुई दोन सुरांच्या मध्ये जाऊन थरथरत राहिली. ना इकडं, ना तिकडं.

त्याला कारण समजलं. जुन्या टेपची मोटार मंदावली, की फीत सावकाश फिरते आणि गाणं खाली उतरतं. पण टेप सासऱ्यांचा, आठवणीचा. उघडायला गेलं आणि फीत अडकून तुटली तर? त्यापेक्षा सोपी वाट होती. गाणं वर येत नसेल तर गिटार खाली न्यायची. सगळ्या तारा त्या आवाजापर्यंत सैल करायच्या.

त्यानं खुंटी पिळायला सुरुवात केली.

वाद्य लावणाऱ्यांना ठाऊक असतं. दोन सूर जवळ जवळ आले, की त्यांच्यात एक लाट ऐकू येते. व्वा... व्वा... व्वा... जसजसे सूर जुळत जातात, तशी लाट सावकाश होते. आणि पुरते जुळले, की थांबते.

खुंटी केसभर पिळली.

व्वा... व्वा...

आणखी केसभर.

व्वा...

लाट थांबली.

आणि त्याच्या मनगटावर... कुणीतरी फुंकर घातली.

उबदार. ओलसर.

त्यानं वर बघितलं. पंखा बंद होता. लाईट मघाशीच गेली होती.

मग वास आला.

देवीच्या हारांचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात विसरावं, आणि पिशवी फुटावी, तसा वास. वर गोड. खाली कुजका. तो नाकात शिरला नाही, तो जिभेवर बसला.

स्वानंद मोरीकडं धावला आणि दुपारचं सगळं जेवण ओकून आला.

परत आला तर टेप चालूच होता. "जवळ ये गं माझ्या राणी..." त्यानं बटण दाबून बंद केला. गिटार उचलायला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

तारा चिकट झाल्या होत्या.

बोट उचललं तर तारेपासून बोटापर्यंत एक पिवळट तार निघाली. शेंबडासारखी. ती ताणली गेली, ताणली गेली... आणि तुटून त्याच्या हातावर पडली.

त्यानं हात डेटॉलनं धुतले. मग लिंबानं. मग राखेनं. वास जाईना. पलंगाखाली, कपाटामागं, मोरीच्या जाळीत मेलेला उंदीर शोधला.

उंदीर नव्हता.

संध्याकाळी मंजुषा आली. दारातच थबकली. नाक वर करून हुंगलं.

"कुणाला जखम झालीया?" तिनं विचारलं.

"कुणाला नाही. का गं?"

 ती चप्पल काढायची विसरून तशीच आत आली आणि थेट टेपजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दोघं एकत्र बसले. सकाळची शाळा सुटून स्वानंद आला होता. बाहेर लख्ख ऊन. आदल्या दिवशी उन्हानं डोकं फिरलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. सोबत बायको होती. भीती कशाची?

टेप लावला. गिटार धरली. सूर जुळलेलेच होते.

दुसऱ्या ओळीत त्याची बोटं चुकली. पुढचा सूर सापडेना, म्हणून तो क्षणभर थांबला.

आणि कॅसेटमधला आवाज... थांबला.

त्याच्यासाठी.

चाकं फिरत होती. फीत चालत होती. आवाज मात्र शब्दाच्या मध्यावर उभा राहिला होता. मागं फक्त श्वास. घरघरणारा. चिखलातून बुडबुडे यावेत तसा.

त्यानं भीत भीत तार छेडली.

"...ये गं माझ्या राणी," आवाज पुढं निघाला.

तो सावकाश वाजवू लागला. आवाज सावकाश झाला. त्यानं तारांवर तळहात ठेवला. आवाज गप्प. हात काढला. पुन्हा सुरू.

 त्यानं मंजुषाकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते. गाल ओले होते. तोंड किंचित उघडं, मान पुढं काढलेली. आणि तो वास, तो गोडसर कुजका वास, ती छाती भरून आत ओढत होती. मोगऱ्याचा गजरा हुंगावा तशी.

स्वानंद तोंडावर हात दाबून पुन्हा मोरीकडं पळाला.

"तुला वास येत नाही?" बाहेर येऊन त्यानं विचारलं.

"येतो की."

"कसला?"

"मायचा," मंजुषा म्हणाली.

त्यानंतर घर घर राहिलं नाही.

तो शाळेत गेला की ती टेप लावायची. टेप बंद असला तरी गुणगुणायची. तिचा आवाज मुळात खणखणीत, दवाखान्यात एका हाकेत वॉर्ड गप्प करणारा. तो बसत चालला. जाड झाला. गिळताना तिला त्रास व्हायला लागला. बाकी तपासण्या चांगल्या होत्या, बाळही चांगलं होतं. डॉक्टर म्हणाले, घसा धरलाय, मिठाच्या गुळण्या करा. ती गुळण्या करायची आणि मोरीत पाणी ओतायची विसरायची. तिथं पिवळे पुंजके तरंगत राहायचे. सकाळी दात घासायला गेलेला स्वानंद तसाच माघारी यायचा.

गिटारचं वेगळंच. तो रोज संध्याकाळी तारा ताणून नेहमीच्या सुरात आणायचा. रोज सकाळी त्या पुन्हा सैल झालेल्या असायच्या. कशाही नाही... अगदी त्या मधल्या पट्टीत.

एका सकाळी गिटार हलवली तर आत काहीतरी लदकन हललं.

त्यानं पोकळीच्या भोकातून आत बघितलं. पांढरट काहीतरी होतं. चिमट्यानं टोक पकडून ओढलं.

कापडाची पट्टी होती. दवाखान्यात जखमेवर बांधतात तसली जाळीदार. पिवळी पडलेली, मध्ये मध्ये तांबूस डाग. तो ओढत गेला तशी ती येत गेली. एवढी मोठी गुंडाळी त्या भोकातून आत गेली कशी, हा प्रश्न त्याला नंतर पडला. त्या वेळी त्याच्या ध्यानात एकच गोष्ट आली.

पट्टी ओली होती.

आणि कोमट होती. आत्ताच कुणाच्या तरी अंगावरून सोडल्यासारखी.

त्यानं ती परसात नेली, गाडीतलं पेट्रोल ओतलं आणि जाळली. धूर सरळ वर गेला नाही. जमिनीलगत पसरत घराच्या दाराकडं आला. दारात मंजुषा उभी होती. तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्याची मान खाली गेली.

त्याच आठवड्यात त्याची आई, चारुशीलामावशी, तयारीसाठी तुळजापूरहून आल्या. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि त्यांनी पदर नाकाला लावला.

"अगं बाई! काहीतरी मेलंय या घरात. तुम्ही राहता तरी कसे?"

मंजुषाचा चेहरा पडला. शिवी दिल्यासारखा. ती आत गेली आणि जेवायलासुद्धा बाहेर आली नाही.

म्हणजे वास एकट्या स्वानंदला येत नव्हता. त्याला बरं वाटायला हवं होतं.

वाटलं नाही.

तो गाडी काढून अणदूरला सासऱ्यांकडं गेला. धुळाप्पा मेंढ्यांच्या वाड्यापुढं बसून लोकर साफ करत होते. जावई अवचित आलेला बघून लगबगीनं उठले.

"या पावनं, या. पोर बरी हाय न्हवं?"

"बरी आहे मामा. एक विचारायचं होतं." थेट कसं बोलावं हे स्वानंदला सुचेना. म्हणून त्यानं गाण्यापासून सुरुवात केली. "सासूबाईंची पट्टी कुठली होती, काही आठवतं?"

धुळाप्पांचे हात थांबले.

"पट्टी?" ते म्हणाले. "आता ती कशाला इचारताय? रोज म्याच सोडायचो की. लिंबाच्या पाल्याचं पानी करून गळा धुवायचो, अन् नवी बांधायचो."

स्वानंदला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं.

"तुमास्नी मंजीनं सांगितलं न्हाय व्हय?" धुळाप्पा म्हणाले. "गळ्याला गाठ आलती. सोलापूरला नेलं, डागदर म्हनले, उशीर झाला. मग ती फुटली. गळ्याला भोक पडलं. बोलाया लागली की निम्मी हवा तिथनंच जायची. वास तर इचारू नगा. सख्खी भैन आली, तर नाकाला पदर लावून दारातनंच माघारी गेली. म्या सुदिक पट्टी बदलताना तोंडाला धोतर बांधायचो. काय करावं? सोसायचं न्हाय."

"आणि मंजुषा?"

"ती बारकी व्हती. मामाकडं धाडली, तर रडून रडून परत आली. रोज मायच्या कुशीत निजायची. आमी मानसं लांब, अन् ही पोर गळ्याला नाक लावून झोपायची. माय गायची तिच्यासाठी, तसल्या गळ्यानं. कसला आवाज तो! आमाला आयकवत न्हवता."

"म्हणजे कॅसेटमध्ये तोच आवाज आहे?"

"न्हाय, न्हाय," धुळाप्पा जोरानं मान हलवत म्हणाले. "कॅसेट लई आदीची. मंजी झालीबी नव्हती. खंडोबाच्या जत्रंला एक पावना टेप घेऊन आलता, त्यानं भरून घेतली. तवा सिताचा आवाज कसा व्हता म्हनून सांगू? बारीक. उंच. चांदीवानी वाजायचा."

"पण कॅसेटमधला आवाज जाड आहे, मामा."

"न्हाय वो. जाड कसा आसंल? नीट आयका."

वाटेत स्वानंदनं गाडी कडेला घेतली. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. मोटार मंदावली म्हणून आवाज उतरला. उतरता उतरता तो तिच्या शेवटच्या दिवसांतल्या आवाजाइतका खाली आला. आणि आपण त्याच्याशी गिटार जुळवली.

म्हणजे दार आपणच उघडलं होतं. आता आपणच लावायचं.

मंजुषा ड्युटीवर असताना त्यानं टेप उघडला. आत मोटारीच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात वेग कमीजास्त करायचा स्क्रू असतो. त्यानं बारीक पेचकस घातला. कॅसेट चालू केली. श्वास रोखून स्क्रू फिरवला.

आवाज वर चढू लागला.

जाडपणा सुटत गेला. घरघर विरत गेली. दबक्या घंटा किणकिणायला लागल्या. मोबाईलवरच्या ॲपची सुई मधल्या जागेवरून हलली आणि नेमकी सुरावर जाऊन टेकली.

एक तरणी पोर गात होती. हसरी. मोकळ्या गळ्याची. मागं कुणीतरी "वा!" म्हणत होतं.

वास नव्हता. फुंकर नव्हती. तारा कोरड्या, लखलखीत.

स्वानंद जमिनीवर बसला आणि हमसून हमसून रडला.

डोहाळजेवण झकास झालं. सजवलेला झोपाळा, हिरवी साडी, फुलांचे दागिने. शेजारणी, दवाखान्यातल्या मैत्रिणी, अणदूरची माणसं. मी होतो तिथं. स्वानंदनं टेप लावला आणि गिटार धरली. सुरात सूर असा मिसळला, की बायका ओटी भरायच्या थांबल्या. धुळाप्पांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले.

"हीच," ते म्हणत होते. "हीच माझी सिता."

सगळे डोळे पुसत होते. मंजुषा सोडून.

ती झोपाळ्यावर नीट बसली होती. पाहुण्यांकडं बघून हसत होती. एखाद्या परक्या बाईचं गाणं ऐकावं, तशी ऐकत होती. मला वाटलं, दमली असेल.

पुढचं स्वानंदनं सांगितलेलं.

पाहुणे गेले. मावशी पाहुण्यांना सोडायला स्टँडवर गेल्या होत्या. मंजुषा फुलांचे दागिने काढून स्वयंपाकघरात उभी होती.

"कोण होती ती बाई?" तिनं विचारलं.

"कोण?"

"गात होती ती."

"मंजू, तुझी माय होती ती. मामांनी ओळखलं की."

"माझ्या आबांची बायको असंल. मी नाही ओळखत तिला." ती शांत होती, म्हणून त्याला जास्त भीती वाटली. "मी झाले तेव्हा तिचा गळा बसायला लागलेला. मला कळायला लागलं तेव्हा भोक पडलेलं. माझी माय जाड आवाजाची होती. गायची तेव्हा गळ्यातनं हवा यायची, माझ्या तोंडावर. मला त्यानं झोप लागायची. इतक्या वर्षांनी ती आली होती, अहो. तुम्ही तिला हाकललंत."

"मंजू, ते..." त्यानं शब्द शोधला. नको तोच सापडला. "ते घाण होतं गं."

बोलून गेला आणि त्याला जीभ चावावीशी वाटली.

मंजुषानं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही.

"सगळ्यांनी तेच म्हटलं तिला," ती म्हणाली. "जिवंत होती तवा. तिला ऐकू जायचं. भोक गळ्याला होतं, कानाला नव्हतं."

तिनं फळीवरचा पेचकस घेतला आणि त्याच्यापुढं धरला.

स्वानंद मला म्हणाला, त्या वेळी मी काहीही करू शकलो असतो. टेप भिंतीवर आपटला असता. फीत ओढून तोडली असती. कुणी दोष दिला नसता. पण माझ्या डोळ्यांपुढं ती बारकी पोर आली. माणसं नाकं झाकून दारात उभी, आणि ती एकटी गळ्याला नाक लावून झोपलेली.

त्यानं पेचकस घेतला.

स्क्रू फिरवला. आवाज उतरत गेला. त्यानं तारा सैल केल्या. एक... एक... एक.

व्वा... व्वा...

व्वा...

लाट थांबली.

या वेळी फुंकर मनगटावर आली नाही. तोंडावर आली. अगदी समोरून. कुणीतरी त्याच्यापुढं गुडघ्याला गुडघा लावून बसावं, इतक्या जवळून.

वास घशात उतरला. ओठांवर काहीतरी ओलं टेकलं आणि हळू ओघळून हनुवटीपर्यंत आलं. पोटातलं सगळं उसळून तोंडात आलं. मोरी दोन पावलांवर होती.

मंजुषा बघत होती.

त्यानं तोंड मिटलं. आणि तोंडात आलेलं... गिळलं.

मग वाजवू लागला. गाणं संपेपर्यंत उठला नाही. नाकाला हात लावला नाही.

स्वानंदनं सांगणं इथंच संपवलं. मी विचारलं, "नंतर?"

"नंतर काय? मंजूचा घसा सुटला. भाकरी खायला लागली."

"आणि ते? गेलं?"

त्यानं नुसती हनुवटी पुसली.

मुलगी झाली त्यांना. गुटगुटीत, नाकी डोळी नीटस. मंजुषाचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत आहे. घर स्वच्छ आहे, फरशी आरशासारखी. बारशाला मी गेलो होतो. तेव्हाही दुपारच होती. बायका पाळणा सजवत होत्या. मंजुषानं लेक माझ्या हातात दिली. कुणाचंही तान्हं बाळ हातात आलं की आपण काय करतो? मान खाली घालून त्याची टाळू हुंगतो. दुधाचा, तेलाचा, पावडरचा वास येतो. जीव सुखावतो.

मीही मान खाली घातली.

आणि... बाळ चटकन मंजुषाकडं परत दिलं.

 तोंड वाकडं होऊ दिलं नाही. खिशातला रुमालसुद्धा काढला नाही. आणि तरी तिला कळलं. तिनं लेकीला खांद्यावर घेतलं, पाठीवर हळूहळू थोपटलं आणि माझ्याकडं बघून अगदी मायेनं हसली.

"होतं असं, भावजी," ती म्हणाली. "ह्यांनाबी पहिल्यांदा जड गेलं. सवय होते."

त्यानंतर मी जळकोटला गेलेलो नाही. स्वानंदचा फोन येतो, पुतणीला बघायला कधी येतोस म्हणून. परीक्षा आहेत, गाडी बिघडलीय, काहीतरी सांगतो.

परवा त्याच्या फोनवर मागून मंजुषा म्हणाली, "राहू द्या. त्यांना येता येत नसंल तर आपणच जाऊ की त्यांच्याकडं. सगळीजणं."